सावध चाल आणि धाडसी चाल

द्यूताविषयीं आपल्या वाङ्मयांत जितकें लिहिलें गेलें आहे तितकें दुसऱ्या कोणत्याही खेळाविषयीं क्वचितच लिहिलें गेलें असेल. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत जुगाऱ्याचा विलाप आहे; महाभारताचें सारें कथानक सभापर्वांतील द्यूतावर फिरतें; नलराजाचें राज्य गेलें तेंही फाशांमुळेंच. परंतु या सर्व ठिकाणीं एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. सभापर्वांत पण लागतो, फासे पडतात आणि शकुनि आपण जिंकल्याचें सांगतो. फासे पडल्यानंतर खेळणाऱ्यानें काय केलें, दोन चालींपैकीं कोणती पसंत केली, याला त्या कथेंत जागाच ठेवलेली नाहीं. युधिष्ठिराला निवड होती ती खेळावें कीं न खेळावें इतकीच. त्यामुळें फासा म्हटला कीं आपल्या मनांत दैव आणि कपट हे दोनच विचार उभे राहतात. विवेक हा तिसरा विचार फाशांच्या संगतींत आपल्याला सुचत नाहीं.

हा तिसरा विचार ज्यांत विस्तारानें मांडला आहे असा एक ग्रंथ आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. पॉल मॅग्रिएल याचा 'बॅकगॅमन' हा इंग्रजी ग्रंथ १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे तो नवा नव्हे. त्याचा कर्ता २०१८ सालीं निवर्तला. तथापि या खेळाचे जाणकार आजही त्याला आद्यग्रंथाचा मान देतात, आणि पुढें जें जें लिहिलें गेलें त्यांतील बरेंचसें त्याच्या अनुमोदनार्थ किंवा खंडनार्थच आहे. मॅग्रिएल हा न्यूयॉर्कचा गणिती. कांहीं वर्षें त्यानें गणिताचें अध्यापन केलें, मग तें सोडून खेळासच वाहून घेतलें. 'न्यूयॉर्क टाइम्स' पत्रांत त्यानें या खेळावर सदर चालविलें आणि १९७८ सालीं विश्वविजेतेपद मिळविलें. खेळाच्या पुस्तकाचें परीक्षण वाङ्मयाच्या मासिकांत कां, असा प्रश्न कोणी करील. त्यास आमचें उत्तर असें कीं, पुढें काय होणार हें ठाऊक नसतां आज काय करावें, या प्रश्नाचा इतका नेटका विचार आम्हांस नीतिपर निबंधांतही फारसा आढळलेला नाहीं.

खेळाची ओळख ज्यांस नाहीं त्यांच्यासाठीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. पटावर चोवीस घरें असतात; खेळगडी दोन, प्रत्येकाच्या सोंगट्या पंधरा, आणि फासे दोन. दोघांच्या सोंगट्या परस्परविरुद्ध दिशांनीं फिरतात. प्रत्येकानें आपल्या सर्व सोंगट्या शेवटच्या सहा घरांत आणावयाच्या व तेथून पटाबाहेर काढावयाच्या. ज्याच्या सोंगट्या आधीं निघाल्या तो जिंकला. या शेवटच्या सहा घरांस आम्ही त्या खेळगड्याचा वाडा म्हणूं. सारीपाटांत एका घरांत आलेल्या दोन सोंगट्यांच्या जोडीस आपण जुग म्हणतों; येथेंही असें जुग झालें कीं त्या घरांत प्रतिपक्षास पाऊल ठेवतां येत नाहीं. एकटी सोंगटी मात्र मारतां येते. मेलेली सोंगटी प्रतिपक्षाच्या वाड्यांतून पुन्हां पटावर आणावी लागते, तिची सारी वाटचाल नव्यानें सुरू होते, आणि ती पटावर येईपर्यंत दुसरी कोणतीही सोंगटी हालवितां येत नाहीं.

प्रत्येक दानाला सामान्यतः वीसेक चाली शक्य असतात. त्यांत पुष्कळदां एक चाल अशी असते कीं तिनें एकही सोंगटी उघडी पडत नाहीं. आणि दुसरी अशी कीं तिनें सोंगटी उघडी पडते, परंतु ती वांचली तर मोक्याचें घर हातीं येतें. पहिली सावध चाल, दुसरी धाडसी चाल. दोहोंतून कोणती घ्यावी हा या खेळांतील नित्याचा प्रश्न आहे, आणि मॅग्रिएलच्या ग्रंथांतील याच प्रश्नावरील विवेचनाचा परामर्श घेण्याचा आमचा हेतु आहे.

मॅग्रिएलच्या पूर्वीं या खेळाविषयीं लोक काय मानीत आले होते हें आधीं पाहूं. बॅकगॅमनचा पूर्वज जो इराणी नर्द, त्याच्या उत्पत्तीची कथा मध्यकालीन पहलवी भाषेंतील एका छोट्या ग्रंथांत आहे. हिंदुस्थानच्या राजानें बुद्धिबळाचा डाव कोडें म्हणून इराणच्या दरबारीं पाठविला. तेथील मंत्री बुजुर्गमिहर यानें तें कोडें सोडविलें आणि उलट भेट म्हणून नर्द हा खेळ रचून पाठविला, अशी ती कथा. ('नर्द' हा शब्द हिंदुस्थानींत चौसराच्या सोंगटीला अजून लावितात.) त्या ग्रंथांत पट म्हणजे पृथ्वी, तीस सोंगट्या म्हणजे महिन्याचे दिवस आणि रात्री, आणि फाशांचें फिरणें म्हणजे आकाशस्थ ग्रहगोलांची गति, असें रूपक केलें आहे. रूपक सुंदर आहे. पण त्यांत खेळणारा मनुष्य कोठें आहे? ग्रह फिरतात, दिवस-रात्र सरतात, आणि मनुष्य सोंगटीसारखा हालतो.

पाश्चात्त्यांची कथाही याहून निराळी नाहीं. रोमचा बादशहा क्लॉडियस याला फाशांचा इतका नाद होता कीं त्यानें त्यावर एक ग्रंथ लिहिला, असें सुएटोनियस सांगतो. तो ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. बायझंटियमचा सम्राट झीनो इ. स. ४९१ सालीं वारला. त्याच्या एका डावाचें वर्णन सहाव्या शतकांतील कवि अगाथियास यानें एका ग्रीक कवितेंत करून ठेविलें आहे. तो खेळ तीन फाशांचा होता. सम्राटाला दोन, पांच आणि सहा असें दान पडलें, त्याला दुसरी वाट उरली नाहीं, आणि त्याचीं जुगें फुटून आठ सोंगट्या एकट्या पडल्या. पुढें विद्वानांनीं त्या कवितेवरून ती मांडणी पटावर पुन्हां मांडून दाखविली आहे. एवढ्या मोठ्या सम्राटावर दैव कसें उलटलें, हा त्या वर्णनाचा रोख. परंतु आजचा खेळाडू ती मांडणी पाहून दुसराच प्रश्न विचारील. एका दानासरशीं आठ सोंगट्या उघड्या पडाव्या अशी स्थिति आली कोठून? ती कांहीं आकाशांतून पडली नव्हती. आधींच्या चालींनीं ती आणिली होती. दान शेवटीं वाईट पडलें हें खरें. पण वाईट दान पचविण्यास जी जागा लागते ती पूर्वींच संपली होती. मॅग्रिएलच्या ग्रंथाचें महत्त्व येथें आहे. तो वाचकाचें लक्ष दानावरून काढून चालीवर आणितो.

आतां चालीविषयीं लोकांचें शहाणपण काय सांगतें? आपल्या म्हणी घ्या. हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागूं नये, ही एक. भित्यापाठीं ब्रह्मराक्षस, ही दुसरी. पहिली सावधपणा शिकविते, दुसरी धीटपणा. दोन्ही खऱ्या आहेत, आणि दोन्ही निरुपयोगी आहेत. कारण कोणती केव्हां लावावी हें दोहोंपैकीं एकही सांगत नाहीं. परिणाम असा होतो कीं भित्रा मनुष्य पहिली म्हण उच्चारतो, उतावळा मनुष्य दुसरी उच्चारतो, आणि जो तो आपल्या स्वभावालाच शहाणपण समजून बसतो. मॅग्रिएलनें जें केलें तें हें कीं, त्यानें हा प्रश्न स्वभावाच्या हातून काढून परिस्थितीच्या हातीं दिला. तुम्ही कसे आहांत हें तो विचारीत नाहीं. पट कसा आहे हें विचारतो. त्यासाठीं त्यानें कांहीं कसोट्या घालून दिल्या आहेत. त्यांतील मुख्य चार आम्ही आमच्या शब्दांत सांगतों.

पहिली कसोटी प्रतिपक्षाच्या वाड्याची. सोंगटी मेली तर ती त्या वाड्यांतूनच परत यावयाची; तेव्हां तेथें किती दारें बंद आहेत हें आधीं पाहावें. दोन फाशांचीं दानें एकंदर ३६. वाड्यांतील दोन घरें बंद असतील तर सोंगटी अडवून धरणारीं दानें ४. तीन घरें बंद असतील तर ९. चार असतील तर १६. पांच असतील तर २५. घरें एकेकानें वाढतात, पण संकट त्या मानानें फार झपाट्यानें वाढतें. म्हणून वाडा कच्चा असेल तर धाडस करावें. वाडा पक्का असेल तर सावध राहावें. डावाच्या आरंभीं प्रत्येकाच्या वाड्यांत एकच घर बंद असतें. सोंगटी अडवणारें दान ३६ पैकीं एकच. म्हणजे धाडसाचा काळ डावाच्या आरंभाचा आहे. सामान्य खेळाडू याच्या नेमकें उलट वागतो. आरंभीं, जेव्हां चूक स्वस्त असते, तेव्हां तो जपून पावलें टाकतो; आणि शेवटीं, जेव्हां ती महाग झालेली असते, तेव्हां नाइलाजानें उघडा पडतो.

दुसरी कसोटी ठाण्याची. प्रतिपक्षाच्या वाड्यांत तुमचें स्वतःचें एक जुग असेल, तर तें घर प्रतिपक्षाला कधींच बंद करितां येत नाहीं. मेलेल्या सोंगटीला उतरावयाला हक्काची एक जागा राहते. बाकीचीं पांचही घरें बंद झालीं तरी ३६ पैकीं ११ दानें तिला आंत घेतात. ज्याच्यापाशीं असें ठाणें आहे त्यानें पटाच्या दुसऱ्या बाजूस धाडस करावें. ज्याच्यापाशीं नाहीं त्यानें आधीं तें मिळवावें. या कसोटीतील मर्म आम्हांस विशेष मार्मिक वाटतें. धाडस हें सुरक्षिततेच्या विरुद्ध नसून एका ठिकाणची सुरक्षितता हीच दुसऱ्या ठिकाणच्या धाडसाचें भांडवल असते.

तिसरी कसोटी अशी कीं, प्रतिपक्षाच्या वाड्यांत त्याचीच एखादी सोंगटी एकटी उभी असेल तर त्यालाही तुम्हांला मारण्याची भीति वाटली पाहिजे. कारण तुमची मेलेली सोंगटी आंत शिरतां शिरतां त्याची सोंगटी मारील. अशा वेळीं धाडस करण्यास हरकत नाहीं. चौथी कसोटी तुमच्या मागें राहिलेल्या सोंगट्यांची. ज्याच्या तीनचार सोंगट्या आधींच मागें अडकल्या आहेत त्याची आणखी एक मेली तर त्याचें फारसें बिघडत नाहीं. ज्याच्या सगळ्या पुढें आल्या आहेत त्याची एक मेली तर त्याचा जिंकत आलेला डाव जातो. ज्यापाशीं गमावण्यासारखें थोडें आहे त्यानें धीट व्हावें. ज्यापाशीं पुष्कळ आहे त्यानें जपावें.

या कसोट्या वाचतांना, 'यांत विशेष तें काय, हें तर कोणालाही सुचेल,' असें कित्येकांस वाटेल. चांगल्या विवेचनाचें हेंच लक्षण आहे. सांगितल्यावर सोपें वाटणारें हें ज्ञान त्यापूर्वीं कोणीं इतक्या सुसंगतपणें मांडलें नव्हतें. ग्रंथाची मांडणीही त्यास साजेशी आहे. लेखक एक कल्पना घेतो, पटाच्या आकृतीनें ती दाखवितो, मग त्याच पटांत एक सोंगटी इकडची तिकडे करून उत्तर कसें पालटतें हें दाखवितो. भाषा अलंकाररहित आहे, पण रुक्ष नाहीं. गणिती असूनही लेखक वाचकाला आंकड्यांखालीं दडपून टाकीत नाहीं.

असें असूनही या विवेचनांत दोन उणिवा आम्हांस दिसतात. पहिली ही कीं, लेखक कसोट्या देतो पण त्यांचीं वजनें देत नाहीं. समजा प्रतिपक्षाच्या वाड्यांत चार घरें बंद आहेत. पहिली कसोटी म्हणते सावध राहा. परंतु तुमचें ठाणें आहे आणि त्याची एक सोंगटी वाड्यांत एकटी आहे. दुसरी आणि तिसरी म्हणते धाडस कर. आतां काय करावें? पंचांमध्यें मतभेद झाला तर सरपंच कोण, हें ग्रंथ सांगत नाहीं. बहुमत मोजावें म्हटलें तर ज्या पंचाचें मत भारी त्याचें आणि ज्याचें हलकें त्याचें सारखेंच धरावें लागतें. येथें वाचकाला पुन्हां अनुभवाकडे, म्हणजे कांहीं अंशीं पुन्हां स्वभावाकडेच, जावें लागतें. लेखकाच्या बाजूनें इतकें म्हणतां येईल कीं, १९७६ सालीं हीं वजनें कोणालाच ठाऊक नव्हतीं. आणि जें ठाऊक नाहीं त्याचे खोटे आंकडे देण्यापेक्षां मौन बरें.

दुसरी उणीव अधिक खोल आहे, आणि ती या नांवांतच आहे. 'सावध' आणि 'धाडसी' हे शब्द आपण कोणत्या मापानें लावितों? जें संकट पुढच्याच दानांत दिसतें त्याच्या मापानें. ज्या चालीनें आतां सोंगटी उघडी पडत नाहीं ती सावध, असें आपण म्हणतों. पण ती चाल पुढच्या चार दानांनंतर काय मागणार आहे याचा त्या नांवांत हिशेबच नाहीं. एक उदाहरण घेऊं. एक सोंगटी आज ना उद्यां प्रतिपक्षाच्या माऱ्यांतून पार करावयाची आहे. आज ती उघडी ठेवली तर ३६ पैकीं १५ दानांनीं मरते. पण प्रतिपक्षाच्या वाड्यांत दोनच घरें बंद आहेत. थांबलों, आणि चार दानांनंतर सोंगटी उघडी करावी लागली, तेव्हां ती ३६ पैकीं ११ दानांनींच मरेल. पण तोंवर वाड्यांतील पांच घरें बंद झालेलीं असतील. पंधरांपेक्षां अकरा थोडे, म्हणून थांबणें सावधपणाचें दिसतें. आतां मरून वर पहिल्याच दानाला बाहेर अडकून पडण्याचा संभव काढा. आजचा शेंकडा पांचाहूनही कमी. चार दानांनंतरचा शेंकडा एकवीस. मग सावध चाल कोणती? जिला आपण सावध म्हटलें तिनें संकट टाळलें नाहीं; व्याजानें पुढें ढकललें. सावकाराचें देणें आज चुकतें न करितां नवा कागद लिहून देणाऱ्यास कोणी काटकसरी म्हणत नाहीं. पटावर मात्र आपण त्यास सावध म्हणतों. मॅग्रिएलला ही गोष्ट ठाऊक नव्हती असें मुळींच नाहीं. त्याच्या पहिल्या कसोटींत ती गर्भित आहे. पण त्यानें जीं दोन नांवें प्रचारांत आणिलीं, तीं वाचकाला पुन्हां पुन्हां त्याच भ्रमांत टाकितात.

हीच गोष्ट दुपटीच्या ठोकळ्यानें आणखी स्पष्ट होते. इ. स. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत या खेळांत एक ठोकळा आला. ज्याचा डाव वर आहे तो म्हणतो, पण दुप्पट करूं. दुसऱ्यानें एक तर दुप्पट पणावर खेळावें, नाहीं तर मूळ पण देऊन डाव सोडावा. हरत आलेल्या डावांत दुप्पट पण कोण पत्करील? शहाणा माणूस थोडक्यांत सुटतो, असेंच पुष्कळांस वाटतें. पण हिशेब पाहा. चार डावांपैकीं एकच डाव जिंकण्याची आशा असेल, तरी पत्करणारा तीन डावांत दोन दोन असे सहा गमावतो आणि एका डावांत दोन मिळवितो. एकंदर तोटा चार. प्रत्येक वेळीं डाव सोडणाराही चार डावांत चारच गमावतो. म्हणजे, दुहेरी हारीचा धोका बाजूस ठेवल्यास, चारांत एकाहून किंचित् जास्त आशा असली कीं पत्करणें हेंच शहाणपण. जो प्रत्येक वेळीं थोडक्यांत सुटतो तो जन्मभर थोडें थोडें हरत राहतो. आणि एकदांही मोठी हार न आल्यामुळें आपण सावध आहों असें समजतो.

मॅग्रिएलच्या कसोट्यांना वजनें मिळालीं तीं पुढें संगणकयंत्रांकडून. १९७९ च्या जुलै महिन्यांत मॉन्टे कार्लो येथें हान्स बर्लिनर याच्या 'बीकेजी ९.८' या यंत्रानें विश्वविजेता लुईजी विला याला सात विरुद्ध एक गुणांनीं हरविलें. त्याचा मोठा गाजावाजा झाला. परंतु सामन्यांतील चाली मागाहून तपासल्या तेव्हां विलाचा खेळच सरस होता आणि दानें यंत्राच्या बाजूनें पडलीं होतीं, हें बर्लिनरनें स्वतः प्रांजळपणें सांगितलें. जिंकलेल्यानेंच 'मी बरोबर खेळलों म्हणून जिंकलों नाहीं' असें म्हणावें, हें विरळा. चालीची किंमत निकालावरून ठरत नाहीं, हें तत्त्व मुखानें सगळे मान्य करितात. निकाल आपल्या बाजूचा असतां तें पाळणारे थोडे.

खरी क्रांति झाली ती १९९२ पासून. आयबीएम कंपनीतील जेराल्ड टेसॉरो यानें 'टीडी-गॅमन' नांवाचें यंत्र-तंत्र रचलें. तें स्वतःशींच डाव खेळे, आणि प्रत्येक डावाच्या निकालावरून आपले अंदाज थोडथोडे सुधारी. पुढील आवृत्तींत असे पंधरा लक्ष डाव झाले. तेव्हां दोन वेळां विश्वविजेता झालेल्या बिल रॉबर्टीविरुद्ध चाळीस डावांत तें अवघ्या एका गुणानें मागें राहिलें. येथें एक योगायोग सांगण्यासारखा आहे. मॅग्रिएलला खेळाडूंत 'एक्स-२२' असें टोपणनांव होतें. तरुणपणीं त्यानें चौसष्ट काल्पनिक खेळाडूंची स्पर्धा एकट्यानेंच खेळली, सगळ्यांच्या वतीनें स्वतःच चाली केल्या, आणि तींत बाविसावा खेळाडू जिंकला, असें त्या नांवाचें मूळ सांगतात. यंत्रानें जें लक्षावधि वेळां केलें तें हा मनुष्य आधींच एकट्यानें करूं पाहत होता.

या यंत्रानें सावध-धाडसी वादांत काय निर्णय दिला? डावाच्या आरंभीं दोन-एक असें दान पडलें म्हणजे एकाच्या फाशानें आपल्या वाड्यांतील पांचव्या घरांत एक सोंगटी उघडी उतरवावी, अशी जाणत्यांची रूढि होती. ती ३६ पैकीं १५ दानांनीं मरते. वांचली तर पुढच्या दानाला तेथें जुग करून पटावरील एक उत्तम घर मिळतें. ही धाडसाची नमुनेदार चाल. चार-एक आणि पांच-एक या दानांनाही तीच रीत असे. यंत्र म्हणालें, एकाचा फासा तेथें न वापरतां मागच्या दोन सोंगट्या एका घरानें फोडाव्या. थोड्याच वर्षांत श्रेष्ठ खेळाडूंनीं आपली रूढि बदलली. मग यंत्रानें सावधपणाच्या बाजूनें कौल दिला काय? वरवर तसें दिसतें. पांचव्या घरांतील सोंगटी तर वांचली. पण मागच्या सोंगट्या फोडणें म्हणजे प्रतिपक्षाच्याच वाड्यांत दोन सोंगट्या एकट्या उभ्या करणें. तें काय सावधपणाचें लक्षण आहे? एक धाडस सोडून यंत्रानें दुसरें पत्करलें, इतकेंच. आणि पुढें अधिक सूक्ष्म गणनेनें असें दिसून आलें कीं पांच-एक व चार-एक या दानांना जुनी चाल खरोखरच उणी असली, तरी दोन-एकच्या बाबतींत दोन्ही चालींतील अंतर नांवापुरतेंच आहे. म्हणजे ज्या वादांत खेळाडूंनीं वर्षानुवर्षें आपापल्या स्वभावाची बाजू मांडली, त्यांतील एक वाद दोघांनाही जवळजवळ सारखेंच माप देऊन मिटला.

यंत्रामुळें मॅग्रिएलचा ग्रंथ कालबाह्य झाला काय? आमच्या मतें नाहीं. त्यांतील एकेक आरंभीची चाल जुनी झाली आहे, हें कबूल केलें पाहिजे. नव्या खेळाडूनें ती जशीच्या तशी उचलूं नये. परंतु यंत्र उत्तर देतें, कारण देत नाहीं. अमुक चाल अमुक इतक्या अंशानें बरी, एवढें सांगून तें थांबतें. त्या आंकड्यांना अर्थ द्यावयास मनुष्याला पुन्हां वाडा, ठाणें, मागच्या सोंगट्या याच भाषेंत बोलावें लागतें. आणि ती भाषा बव्हंशीं मॅग्रिएलची आहे. यंत्रानें त्याच्या पंचांना वजनें दिलीं. पंच मात्र त्यानेंच बसविलेले राहिले.

आतां या ग्रंथाचा वाचकांशीं कोणता संबंध, तें सांगून हें परीक्षण पुरें करूं. आपल्या मध्यमवर्गीय घरांतून सावधपणा हा सद्गुण मानण्याची चाल आहे, आणि त्यास सबळ कारणेंही आहेत. ज्यांनीं मोठ्या कष्टानें थोडकें मिळविलें त्यांनीं तें जपावें, यांत गैर कांहीं नाहीं. चौथी कसोटीही तेंच सांगते. परंतु तीच कसोटी दुसऱ्या बाजूनें वाचली पाहिजे. ज्याच्यापाशीं गमावण्यासारखें अजून कांहीं नाहीं, ज्याला घरीं उतरावयाला एक ठाणें आहे, आणि ज्याच्या समोरच्या वाड्याचीं दारें अद्याप उघडीं आहेत, अशा तरुणालाही आपण वृद्धाचाच उपदेश करितों. वृद्धाला तो उपदेश योग्य असतो, कारण त्याच्या पटावर सोंगट्या तशा मांडलेल्या असतात. तरुणाचा पट निराळा असतो. उपदेश करणाऱ्यानें आपला पट पाहून बोलावें आणि ऐकणाऱ्यानें आपला पट पाहून चालावें, यांतच बहुतेक घरांतील तंट्यांचें मूळ आहे.

अर्थात् पटावरील नियम जसाच्या तसा संसारास लावणें धोक्याचें आहे. पटावर ३६ दानें मोजतां येतात. संसारांत तीं किती आहेत हेंही ठाऊक नसतें. पटावर हरलेला डाव पुन्हां मांडतां येतो. संसारांतील पुष्कळ डाव एकदांच मांडले जातात, आणि जेथें हार पुन्हां भरून निघत नाहीं तेथें सावधपणाचें वजन कांहीं निराळेंच असतें. मॅग्रिएलनेंही असा दावा कोठें केलेला नाहीं. तो खेळाविषयीं लिहितो आणि खेळापुरतेंच बोलतो, हा त्याच्या ग्रंथाचा आणखी एक गुण. तथापि एक संवय या ग्रंथापासून कोणालाही लागण्यासारखी आहे, आणि ती लागली तर ग्रंथाचे पैसे वसूल झाले असें आम्ही समजूं. मन एखाद्या चालीला 'ही सावध' असें म्हणूं लागलें कीं तेथेंच थांबून विचारावें: कोणत्या संकटापासून सावध, आणि किती दानांपर्यंत?